तलावास साजेल असे जाळे

काळ्या कसदार जमिनीत चालणारे औत मुरमाड जमिनीत चालत नाही, ही गोष्ट शेतकऱ्यास कोणी सांगावी लागत नाही. जमीन पाहूनच तो औत जुंपतो. मासेमारीच्या बाबतीत मात्र हाच विचार पुष्कळदा मागे पडतो. तलाव कोणता, पाणी किती खोल, मासा कोणत्या जातीचा व किती वाढलेला, यांपैकी काहीही न पाहता नागपूरच्या बाजारात जे जाळे स्वस्त मिळते ते विकत घेतले जाते. वर्षभर मत्स्यबीजावर केलेला खर्च मग त्या जाळ्याच्या आसांतून वाहून जातो किंवा त्याच आसांत अकाली अडकून मरतो. ढीवर बांधवांच्या सहकारी संस्था, शेततळे राखणारे शेतकरी आणि त्यांना सल्ला देणारे ग्रामसेवक या सर्वांनी जाळ्याची निवड कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

पाणी दोन प्रकारचे

नागपूरच्या पूर्वेस भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव हजारोंच्या संख्येने आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजातील कसबी लोकांनी उतारावरचे पाणी मातीच्या पाळी घालून अडविले व धानाच्या शेतीस पुरविले. 1951 साली मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव शासनाकडे आले, तरी गावकरी त्यांस आजही मालगुजारी तलावच म्हणतात. हे तलाव व त्यांहून लहान अशा बोड्या बहुधा उथळ असतात. धानास पाणी सोडता सोडता त्या हिवाळ्याअखेर आटू लागतात व उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी मध्यभागी डबके तेवढे उरते. काठाला बेशरमाची झुडपे, पाण्यात कमळ, कोठे शिंगाड्याची लागवड, तळाशी गाळ, असे त्यांचे स्वरूप असते.

दुसरा प्रकार मोठ्या धरणांच्या जलाशयांचा. रामटेकजवळील खिंडसी, गाढवी नदीवरील इटियाडोह, वैनगंगेवरील गोसेखुर्द ही त्याची उदाहरणे होत. गोसेखुर्द धरणाची कोनशिला 1988 साली बसली. अशा जलाशयाखाली पूर्वीचे नदीपात्र, शेते, झाडे, विहिरी व घरांचे पाये बुडालेले असतात. दरी भरली म्हणजे टेकड्यांचे माथे पाण्याबाहेर बेटांसारखे उरतात. वाऱ्याला मोकळे मैदान मिळते व दुपारी लाटा उठतात. पाणी एका जागी चार हात, तर शंभर पावलांवर चाळीस हात असू शकते.

या दोन पाण्यांना एकच जाळे चालेल, अशी अपेक्षा धरणे म्हणजे एकाच तिफणीने धान व कापूस दोन्ही पेरण्यासारखे आहे.

तलाव आटत आला असता तेथे ओढजाळे उपयोगी पडते. दोन्ही काठांवरून माणसे ते ओढीत नेतात व सर्व जातींचा मासा एका कोपऱ्यात आणतात. याची लांबी तलावाच्या रुंदीच्या दीडपट व उंची पाण्याच्या खोलीच्या दीडपट ठेवावी. जाळे ताणले गेले की त्याचा मध्यभाग मागे पोट धरतो. लांबी-उंची मोजून-मापून बेताची ठेवल्यास खालची दोरी तळ सोडते आणि मासा खालून निसटतो. मृगळ व सायप्रिनस हे तळाचे मासे दोरी जवळ येताच गाळात तोंड खुपसून तिला वरून जाऊ देतात, हा ढीवरांचा नेहमीचा अनुभव. याच्या उलट कटला, रोहू व चंदेरा वरच्या दोरीवरून उडी मारून पळतात. म्हणून खालच्या दोरीस शिशाची वजने जवळजवळ बांधावी व वरची दोरी पाण्याच्या वर हातभर उचलून धरण्यास एक-दोन माणसे ठेवावी. ओढण्यापूर्वी तळातील खुंट व बेशरमाची मुळे काढली नाहीत, तर उत्तम जाळेही पहिल्याच ओढीत फाटते.

मोठ्या जलाशयात ओढजाळे बहुधा निरुपयोगी ठरते, कारण बुडालेली झाडे त्यास पुढे सरकू देत नाहीत. तेथे दुकानात ज्यास गिलनेट म्हणतात ते अडकजाळे लावावे लागते. पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे हे जाळे माशास दिसत नाही. मासा आसात डोके घालतो, पुढे जाता येत नाही, मागे सरावे तर धागा कल्ल्यामागे रुततो. या जाळ्यात मासा हाकावा लागत नाही, पण जाळ्याचा आस चुकला तर सर्वच चुकते. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः अडकजाळ्यासंबंधी आहे.

समुद्रावरचे जाळे येथे का चालत नाही

मुंबईकडे गेलेला एखादा गावकरी तेथील जाळी पाहून हरखतो व तसलेच जाळे आणावे असे त्याच्या मनात येते. कोकणातील कोळी बांधवांचे कसब मोठेच आहे, पण त्यांचे साधन त्यांच्या पाण्यासाठी बनले आहे. अर्नाळ्याच्या बेटाकडे किंवा वसई-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बोंबिलासाठी जी डोल लावतात, ती नरसाळ्याच्या आकाराची प्रचंड पिशवी असते. तिचे तोंड भरती-ओहोटीच्या ओढीस सामोरे ठेवतात व पाणीच मासा आत लोटते. तलावाच्या पाण्याला ओढ नाही. तेथे डोल लावली तर ती ओल्या गोणपाटाप्रमाणे लोंबत राहील. समुद्रावरील अडकजाळ्यांचा धागाही लाटांचा मार सोसण्यासाठी जाड घेतलेला असतो. तलावाच्या स्थिर पाण्यात तो माशास दुरून दिसतो आणि मासा वळून जातो. कोकणातून घेण्यासारखे एक साधन मात्र आहे. त्यास तेथे पाग म्हणतात आणि इकडे फेकजाळे. एका माणसाने काठावरून किंवा डोंग्यातून फेकावयाचे हे गोल जाळे पिकाचा अंदाज घेण्यास फार उपयोगी आहे. महिन्यातून एकदा दोन-चार ठिकाणी टाकून मासा किती वाढला ते पाहावे व मासा पुन्हा पाण्यात सोडावा.

आस कसा मोजावा

जाळ्याच्या एका चौकोनी छिद्रास आस म्हणतात. आसाचे माप हेच जाळ्याचे मर्म होय, आणि सर्वांत अधिक फसगत याच मापात होते. हे माप दोन रीतींनी सांगतात. एका गाठीपासून लगतच्या गाठीपर्यंतची बाजू मोजणे ही एक रीत. आस ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधील अंतर मोजणे ही दुसरी. दुसऱ्या रीतीने येणारे माप पहिल्याच्या दुप्पट भरते. दुकानदार एका रीतीने बोलतो, गिऱ्हाईक दुसऱ्या रीतीने ऐकते. त्यात कोणी इंचात सांगतो, तर कोणी मिलिमीटरमध्ये.

याचा परिणाम किती मोठा होतो हे हिशेबाने पाहावे. समजा, एका संस्थेस दोन किलोचा कटला धरावयाचा आहे व त्यासाठी बाजू 8 सेंटिमीटर असलेला आस हवा आहे. संस्थेचा माणूस दुकानात जाऊन ‘आठ सेंटिमीटरचे जाळे द्या’ असे म्हणतो. दुकानदार ताणलेले माप धरून जाळे देतो. त्याची बाजू भरते 4 सेंटिमीटर. दोघांपैकी कोणीही खोटे बोललेले नाही. पण त्या जाळ्यात अडकणाऱ्या माशाचा घेर आता अपेक्षेच्या निम्मा आहे. मासा लांबी, रुंदी व जाडी या तिन्ही अंगांनी वाढत असल्यामुळे घेर निम्मा झाला की वजन निम्मे होत नाही, आठवा भाग होते. दोन किलोच्या जागी पाव किलोचा मासा जाळ्यात येतो. संस्थेने बीज सोडले, चौकीदार ठेवला, ठेक्याची रक्कम भरली आणि हाती आले ते आठव्या भागाचे पीक. दाणा दुधात असतानाच धान कापावे, तसा हा प्रकार होय. मोठा मासा या जाळ्यात शिरतही नाही. नाक लावून तो परत फिरतो, त्यामुळे ‘तलावात मोठा मासाच नाही’ असा चुकीचा समज होतो आणि पुढच्या वर्षी आणखी बारीक जाळे आणले जाते.

म्हणून जाळे मागताना ‘गाठीपासून गाठीपर्यंत इतके’ असे स्पष्ट बोलावे व पैसे देण्यापूर्वी स्वतः मोजून पाहावे. एकच आस मोजू नये. जाळ्याच्या निरनिराळ्या भागांत एका ओळीतील दहा बाजू सरळ धरून एकत्र मोजाव्या व दहाने भागावे. जाळे भिजवून मोजणे अधिक चांगले, कारण भिजल्यावर गाठी आवळतात व माप थोडे बदलते.

कोणत्या माशास किती आस, हे ठरविण्यासाठी एक सोपी रीत आहे. ज्या आकाराचा मासा धरावयाचा, तसा एक मासा मिळवावा. त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाभोवती ओला दोरा गुंडाळून घेर घ्यावा. आसाच्या चार बाजूंची बेरीज या घेराच्या सुमारे चार पंचमांश असली म्हणजे मासा पक्का अडकतो, असे जाळ्यांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. म्हणजेच आसाची एक बाजू घेराच्या पाचव्या भागाइतकी असावी. घेर 30 सेंटिमीटर असेल तर बाजू 6 सेंटिमीटर, घेर 40 असेल तर 8. दोरा पाच पदरी दुमडला की माप आपोआप हाती येते, पट्टीचीही गरज नाही.

हा नियम सर्व जातींना सारखाच लागू पडत नाही. कटला अंगाने रुंद व डोक्याने मोठा असतो. मृगळ सडपातळ असतो. एकाच लांबीचे दोन्ही मासे घेतले तर कटल्याचा घेर अधिक भरेल. म्हणून कोणत्या जातीसाठी जाळे घ्यावयाचे हे आधी ठरवावे. कटल्याच्या मापाच्या जाळ्यातून त्याच वयाचा मृगळ निघून जाईल. त्याबद्दल वाईट वाटून घेण्याचे कारण नाही, त्याला पुढे ओढजाळ्याने धरता येते. शिंगाळ्यासारखे काटेरी व मिशांचे मासे कल्ल्याने न अडकता काट्यांनी गुरफटतात. त्यांच्या बाबतीत घेराचा हिशेब फारसा उपयोगी नाही.

बारीक आसाचा मोह गरजेपोटी होतो, ही गोष्टही खरी. घरात सणवार असतो, हातात पैसा नसतो, आणि पाव किलोचा मासाही बाजारात विकला जातो. ग्रामसेवकाने अशा वेळी उपदेश करण्यापेक्षा हिशेब मांडून दाखवावा. शंभर मासे पाव किलोचे असता काढले तर 25 किलो होतात. तेच पाण्यात ठेवले, त्यांतील तीस मेले वा चोरीस गेले असे धरले, आणि उरलेले सत्तर एक-एक किलोचे झाले, तर 70 किलो होतात. मोठ्या माशास किलोमागे भावही अधिक मिळतो. तलावात पाणी टिकणार नसेल तर मात्र हा हिशेब बदलतो. जी बोडी माघातच आटते, तिच्यातील मासा वाढण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. तेथे लहान मासा काढणेच शहाणपणाचे ठरेल.

हे सर्व सांगण्याचे आणखी एक कारण आहे. कटला, रोहू व मृगळ हे नदीचे मासे आहेत. पावसाळ्यात वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात, साचलेल्या तलावात सहसा घालीत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतूनच गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशास ग्रंथिरसाचे इंजेक्शन देऊन प्रजनन घडवून आणले व तेव्हापासून बीज तयार करणे माणसाच्या हाती आले. म्हणजे तलावात जो मासा आहे तो बहुतेक पैसे देऊन सोडलेला आहे. जाळ्यात अकाली अडकलेल्या प्रत्येक माशामागे बीजाची किंमत बुडते. नदी व जलाशय जेथे जोडलेले आहेत तेथे तर पहिल्या पुराबरोबर अंड्यावर आलेला मासा प्रवाहाकडे धावतो. तेव्हा नाल्याच्या तोंडाशी जाळे लावणे म्हणजे बियाण्याची कोठी फोडून खाणे होय.

धागा

सुती व सणाच्या धाग्याची जाळी ज्यांनी वापरली, ते लोक आता थोडेच उरले असतील. ती जाळी रोज वाळवावी लागत, नाही तर कुजत. नायलॉन आल्यावर ही कटकट संपली. 1957 साली कोचीन येथे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली व तेथे अशा कृत्रिम धाग्यांच्या जाळ्यांवर पुष्कळ काम झाले. आज अडकजाळ्यास नायलॉन व ओढजाळ्यास पॉलिथिलीन असा सर्वसाधारण प्रघात आहे. नायलॉन पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून बुडते. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके, म्हणून तरंगते. पॉलिथिलीनच्या जाळ्यास खाली वजने अधिक लागतात, हे खरेदीच्या वेळीच हिशेबात धरावे.

नायलॉनच्या गुंडीवर 210/1/2, 210/1/3, 210/2/3 असे आकडे असतात. पहिला आकडा मूळ तंतूची बारीकी दाखवितो. 9000 मीटर तंतूचे वजन 210 ग्रॅम भरते, असा त्याचा अर्थ. पुढील दोन आकड्यांचा गुणाकार केला की धाग्यात किती पदर आहेत ते कळते. 210/1/2 मध्ये दोन पदर, 210/2/3 मध्ये सहा. धागा जितका बारीक तितका माशास कमी दिसतो, पण मोठा मासा तो तोडून जातो. लहान आसास दोन-तीन पदरांचा, मोठ्या आसास चार ते सहा पदरांचा धागा घ्यावा, म्हणजे दोन्ही गोष्टी साधतात.

एकतंती पारदर्शक धागा, ज्यास तंगूस म्हणतात, त्याचे जाळे स्वस्त असते व मासाही त्यात अधिक लागतो. पण त्याची दुरुस्ती कठीण असते, उन्हाने ते ठिसूळ होते, आणि फाटले की टाकून दिले जाते. टाकलेले तंगूस कुजत नाही. बुडालेल्या झाडास अडकून राहिलेले जाळे कोणी उचलीत नसले तरी मासे मारीतच राहते. त्यात पाणकावळे, कासवे व पाणमांजरेही अडकतात. गोंदिया जिल्ह्यात सारस पक्ष्यांचा वावर आहे. तेथे काठच्या उथळ पाण्यात असले तुकडे राहू देणे विशेष घातक ठरेल. संस्थेने तंगूस घ्यावेच असे ठरविले तर प्रत्येक जाळ्यास क्रमांक बांधावा व आठवड्यास मोजणी करावी.

दोरीवर जाळे चढविणे

विकत मिळते ते केवळ जाळीचे कापड. ते वरच्या व खालच्या दोरीवर चढविल्यावरच त्याचे जाळे होते, आणि या कामात काटकसर केली जाते ती नेमकी नको तेथे. शंभर मीटर ताणलेले कापड शंभर मीटर दोरीवर चढविले तर आस मिटून जातात व मासा त्यास धडकून परत फिरतो. तेच कापड पन्नास मीटर दोरीवर चुण्या घालून चढविले तर आस नीट उघडे राहतात व कापड सैल लोंबते. अडकजाळ्यास हेच प्रमाण चांगले. त्यामुळे जाळ्याची उंचीही थोडी कमी होते. 5 मीटर ताणलेली उंची पाण्यात सुमारे 4 मीटर 30 सेंटिमीटर भरते. तलावाची खोली मोजताना हे लक्षात ठेवावे.

कटला व चंदेरा वरच्या थरात वावरतात, रोहू मधल्या थरात, मृगळ व सायप्रिनस तळाशी. वरच्या माशासाठी बोये अधिक व शिसे कमी लावावे, म्हणजे जाळे पृष्ठभागापासून खाली लोंबते. तळाच्या माशासाठी शिसे अधिक लावावे. वजन बरोबर झाले की नाही हे जलाशयावर जाऊन पाहण्याऐवजी जाळ्याचा दोन-तीन मीटरचा तुकडा गावच्या विहिरीत सोडून पाहावा. तो तिरपा झाला, गुंडाळला किंवा बोयांसह बुडाला तर तेथेच दुरुस्ती करता येते.

बेटावर मुक्कामाने जावयाचे असल्यास

जलाशय विस्तीर्ण असला म्हणजे रोज काठावरून ये-जा करण्यापेक्षा मधल्या बेटावर रात्र काढून पहाटे जाळी उचलणे सोयीचे वाटते. अशा बेतापूर्वी परवानगीचा प्रश्न पाहावा. नवेगावबांधच्या तलावात मालडोंगरी हे बेट आहे, पण तो परिसर राष्ट्रीय उद्यानाचा आहे व तेथे वनखात्याचे नियम लागू आहेत. पेंच राष्ट्रीय उद्यानातील तोतलाडोह जलाशयात मासेमारीस मनाईच आहे. ज्या पाण्याचा ठेका संस्थेकडे आहे तेथेच जावे.

जाळी किती न्यावी, हा यातील मुख्य प्रश्न. डोंग्यात मावतील तितकी न्यावी, असे उत्तर सहसा मिळते व ते चुकीचे आहे. अडकजाळ्यातील मासा थोड्याच वेळात गुदमरून मरतो. वैशाखात नागपूरकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत मेलेला मासा सूर्य डोक्यावर येण्याच्या आत बर्फात गेला नाही तर विकण्याजोगा राहत नाही. म्हणून पहाटेपासून ऊन चढेपर्यंत जितकी जाळी दोन माणसांना उचलून मोकळी करता येतील तितकीच लावावी. उन्हाळ्यात जितका मासा तितका बर्फ, असे प्रमाण धरावे. बर्फ कमी असेल तर जाळी त्याच मानाने कमी करावी. पंधरा जाळी लावून पाचांतील मासा फेकून देण्यापेक्षा दहा जाळी लावणे बरे. संध्याकाळी लावलेले जाळे दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाण्यात ठेवण्याची सवय तर सर्वस्वी टाकावी.

एकाच आसाची सर्व जाळी न नेता दोन-तीन मापांची न्यावी. नव्या जलाशयात कोणत्या आकाराचा मासा अधिक आहे याचा अंदाज नसतो. पहिल्या रात्री प्रत्येक मापाचे एक जाळे लावावे, सकाळी कोणत्यात किती व केवढा मासा लागला ते वहीत टिपावे आणि त्याप्रमाणे पुढे करावे. जाळे लावताना बुडालेल्या झाडांच्या रांगा टाळाव्यात. अशा जागा जुन्या गावकऱ्यांना ठाऊक असतात. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांच्याइतका जलाशयाचा तळ कोणी ओळखीत नाही. त्यांस विचारण्यात कमीपणा मानू नये.

मरळ, वाम व मिशाळ मासे यांसाठी काही गळ बरोबर असावेत. बेटाच्या कडेला दगडांच्या कपारी असतात, तेथे जाळे फाटते पण गळ चालतो. गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, ही गोष्ट नवख्यास उलटी वाटते, म्हणून क्रमांकावर न जाता गळ हातात घेऊनच निवडावा. मासा गाडण्यासाठी विष किंवा सुरुंग वापरणे 1897 च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमानेच गुन्हा ठरविले आहे. असे मासे खाणाऱ्याच्या व तलावाच्या पाण्यावर जगणाऱ्या गुरांच्याही जिवावर बेतते.

डोंग्यात माणशी एक तरंगजाकीट असावे. थर्माकोलच्या पाट्यांवर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे उचलणारे लोक पुष्कळ ठिकाणी दिसतात. छोट्या बोडीत ते कदाचित निभते. मोठ्या जलाशयात दुपारच्या वाऱ्याने उठणाऱ्या लाटेत पाय जाळ्यात गुरफटला की उत्तम पोहणाराही वर येत नाही. जाळे उचलताना कमरेला धारदार कोयती किंवा सुरी असावी, ती एवढ्यासाठी. वळवाचे ढग पश्चिमेस दिसू लागताच जाळ्याचा मोह सोडून काठ गाठावा. जाळे दुसऱ्या दिवशीही सापडते.

निगा

वापरलेले जाळे गोड्या स्वच्छ पाण्यात खंगाळून, खवले व शेवाळ काढून सावलीत वाळवावे. नायलॉन कुजत नाही म्हणून ते उन्हात टाकून ठेवणारे लोक पुष्कळ आहेत, पण नायलॉनचा खरा शत्रू ऊनच आहे. एका उन्हाळ्यात उघड्यावर पडलेल्या जाळ्याचा धागा हातानेच तुटतो. वाळलेले जाळे आढ्याला टांगून ठेवावे, म्हणजे उंदीर लागत नाहीत. फाटलेला भाग त्याच मापाच्या आसाने विणावा. घाईने मोठ्या गाठी मारून भोक बुजविले तर तेथे आस लहान होतो आणि जाळ्यात ठिकठिकाणी बारीक मासा अडकू लागतो. दुरुस्तीचे हे काम अनेक ढीवर कुटुंबांत स्त्रिया करतात. माप त्यांनाही दाखवून ठेवावे.

त्यासाठी संस्थेच्या कार्यालयात बांबूची एक चपटी कामटी करून ठेवावी. संस्थेने ठरविलेल्या आसाच्या बाजूइतकी तिची रुंदी तासून घ्यावी व तीवर तापल्या सळईने माप डागून ठेवावे. जाळे विणताना धागा तिच्यावरून घेतला की आस बरोबर उतरतो. नवे जाळे विकत घेताना तीच कामटी दुकानात न्यावी, आणि पावसाळ्यानंतर हंगामास आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक सभासदाचे जाळे भिजवून तिच्यावर लावून पाहावे. नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. आपल्या तलावात कोणत्या जातीचे बीज सोडले आहे व ते कितपत वाढले आहे याची टिपणवही घेऊन तेथे किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात गेल्यास कामटीची रुंदी ठरविण्यास मदत मिळू शकेल.